दा नांगमधील उघडे दार

तीर्थरूप अण्णांस,
व्हिएतनाममधील दा नांगहून आदिनाथचा साष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे. हे शहर पुण्याहून स्वस्त असून कंपनीचे काम खोलीतूनच होते. शेवगावच्या डॉक्टरांना आईचे गुडघे दाखवले का?

सत्यशीलेमुळे लागलेली दार उघडे ठेवण्याची सवय तिच्या निधनानंतरही सुटलेली नाही. काल घरमालकीण रागावली, "बायको काही बोलत नाही का तुम्हाला?"

"ती शनिशिंगणापूरची. तिच्या माहेरी घरांना दारेच नाहीत."

"मग आहे कुठे ती?"

"माहेरी," असे मी सांगितले. सांगताना काहीच वाटले नाही.

तिकडे माझी लहानगी सृष्टी तिच्या आईविषयी विचारते, तेव्हा आपण तिला काय सांगता, ते कृपया कळवावे. रविवारी ती फोनवर येईल. माझे उत्तर आपल्या उत्तरापेक्षा वेगळे असू नये.

आपला,
आदिनाथ