वरचा हॉल, दुपारी साडेचार

मंगळवार, १४ तारीख

धाकटे,

आशीर्वाद. मोठ्या बहिणीनं तो पहिल्या ओळीत लिहायचा असतो म्हणून लिहिला. तू बरी असशील, म्हणजे शुक्रवारनंतर जितकं बरं राहता येईल तितकी.

माझे गुडघे कुरकुरतात पण चालतात. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणाला, आजी, आता भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसेल. म्हटलं, मुंगी बघून काय करू, मला फरशी दिसली म्हणजे झालं. अक्षर मोठं आलंय ते डोळ्यामुळे नाही. चौथीनंतर ते सुधारायला वेळ मिळाला नाही.

तुझी नात चांगली आहे. कपाळ तुझं, बोलणं तिचं स्वतःचं. ती महिन्यापूर्वी हॉल बघायला आली होती. तेवीस वर्षं मी इथल्या फरश्या पुसते आणि किल्ल्याही माझ्याच कमरेला असतात. मी काय करते हे तू कधी विचारलं नाहीस, मग तिला कोण सांगणार? मी मात्र ओळखलं. तिच्या हातात तुमच्या फरशी पुसायच्या औषधाची बाटली होती, त्यावर तुझा फोटो. फोटोत तू पन्नाशीची दिसतेस. छापणाऱ्याचे आभार मान.

पोरगी म्हणाली, आजी, दीडशे विक्रेते बोलावलेत, नवी बाटली त्यांच्यासमोर वापरून दाखवायची आहे. मॅनेजर म्हणतात खालचा हॉल, सकाळी दहा. तुम्ही काय म्हणता?

तुझा मॅनेजर शहाणा आहे, त्याला काढू नकोस. खालच्या हॉलला पांढरी फरशी आणि ट्यूबलाइट. सकाळी दहाला तिथं चिखलही स्वच्छ दिसतो.

मी म्हटलं, वरचा घे. काळी फरशी आहे, पश्चिमेला सगळी काच. आधी भाषणं उरका, चहा द्या, आणि पुसून दाखवायचं ते साडेचारला. त्या वेळचं ऊन असं येतं की एकेक कोपरा उजळतो.

यातलं एक अक्षर खोटं नाही. तिनं वहीत लिहून घेतलं, आणि जाताना माझी भरलेली बादली जिना चढून वर नेऊन दिली. बादलीचं तेवढं मनाला लागलं. पण वेळ बदल म्हणून मी काही सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी तिनं तालीम केली. झकास दिसली फरशी. सकाळी दिसणारच.

साडेचारला तू पहिल्या रांगेत होतीस, मी दारापाशी. पोरीनं स्वतः फडकं मारलं. ओलं होतं तोवर चमकलं, टाळ्या पडल्या. मग वाळलं. मग सूर्य समोरच्या गोदामाच्या छपरापर्यंत उतरला आणि आडवं ऊन आत आलं. पांढरे फराटे उठले सगळीकडे, गोगलगायींची जत्रा फिरून गेल्यासारखे. दुसऱ्या रांगेतल्या जाड्यानं विचारलं, "हे पुसायच्या आधीचं की नंतरचं?" लोक हसले.

तिथवरच थांबणार होते मी. पण तू उठून म्हणालीस, "या हॉलची फरशीच खराब आहे."

माझी फरशी.

म्हणून मी आले माझी बादली आणि बिनलेबलाची बाटली घेऊन. फराट्यांच्या शेजारी एवढासा चौकोन पुसला, वाळेपर्यंत उभी राहिले. त्या उन्हात जाड्यानं त्यात स्वतःचं तोंड बघितलं. म्हणाला, हे कुठं मिळतं? म्हटलं, मिळत नाही. आणि निघाले. तेव्हा तू मला ओळखलंस. चष्मा काढलास, पुसलास, परत घातलास. मी तीच होते.

इतकी वर्षं डूख का धरला, ते तुला तरी सांगायला लागू नये. औषध माझ्या स्वैपाकघरात, माझ्या हातानं शिजायचं. तू बाटल्या भरायचीस आणि गोड बोलून विकायचीस. मोठ्या व्यापाऱ्यांशी पहिली बैठक ठरली तेव्हा म्हणालीस, "ताई, गुरुवारी सकाळी दहाला ये, चांगले कपडे घालून." मी आले. दाराला कुलूप. चौकीदार म्हणाला, ती बैठक कालच झाली. मी दोन तास पायरीवर बसून होते. वाटलं, त्याचाच दिवस चुकला असेल. कराराच्या कागदावर तुझं एकटीचं नाव लागलं होतं, हे संध्याकाळी कळलं.

दार हेच. पुढच्याच महिन्यात मी इथं काम मागितलं.

काल तुझी नात परत आली. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" म्हटलं, "हो." कोण आहात म्हणाली, तर म्हटलं, बाटलीवर जिचा फोटो आहे तिला विचार. रडली नाही. सरळ विचारलं, दोन्ही औषधांत फरक काय? पोरगी कामाची आहे, तुझ्याकडे वाया जाईल. अर्धा फरक सांगितला तिला, की तुझी आजी फेस दिसावा म्हणून साबण वाढवते. उरलेला अर्धा माझ्यापाशी आहे. शिजल्यावर ते किती दिवस ठेवायचं आणि मग वरचं काय काढून टाकायचं, हे तू उतरवून नेलेल्या कागदावर नव्हतं. तू फक्त चुलीपर्यंतच बघत होतीस.

विक्रेते महिनाअखेरीपर्यंत थांबणार आहेत, असं ती म्हणाली. म्हणजे तुला घाई आहे. मला नाही.

तेव्हा आता बैठक मी ठेवते. जागा माझं स्वैपाकघर. खुर्ची एकच आहे, तिच्यावर मी बसेन. नातीला घेऊन ये, दोघींच्या नावांचा कागद तिलाच लिहू दे. वेळ गुरुवार, सकाळी दहा.

मी त्या दिवशी घरी असेन की नाही, हा विचार तुझ्या मनात येईल. येऊ दे. माझ्या शब्दावर यायचं की नाही ते तू ठरव. मी तुझ्या शब्दावर आले होते, अर्धा तास आधी.

तुझी,
पायरीवर बसलेली ताई