दार कोणाकडे होतं

११ जानेवारी

जिवंत आहे. डोकं मात्र लोहाराच्या ऐरणीवर ठेवून आल्यासारखं ठणकतंय.

काल स्वयंपाकघराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये काळी बिअर उकळायला ठेवली. बाहेर उणे वीस. आमच्या मिनेसोटात याला 'बरी हवा' म्हणतात. गॅसची टाकी बाहेर बर्फात, बर्नर आत उंबऱ्यापाशी, मोठं दार कमरेइतकं वर. बिअर करणाऱ्या आमच्या मंडळाचा हिवाळ्यातला नियम जुना — एकाचा जाळ, दुसऱ्याचं दार. ज्याचं दार, त्यानं ते उघडं राखायचं, कितीही गारठला तरी जागा सोडायची नाही. त्या जाळाचं विष दिसत नाही, त्याला वास येत नाही. माणूस गुपचूप आडवा होतो. जाळ माझा होता. दार मंडळातल्या माझ्या जुन्या जोडीदाराचं, रसेलचं.

मी पातेल्यात तोंड घालून ढवळत होते. रसेल कधी नाहीसा झाला, कळलंच नाही. जरा ऊब आली — वाटलं, छान. भिंतीवरचा विषारी वायूचा अलार्म कोकलायला लागला, तर मला वाटलं हॉप्स, बिअरला कडवटपणा देणारी ती फुलं, टाकायची वेळ झाली. आज्ञाधारकपणे टाकले. दोनदा. मग गुडघे गेले.

माझ्या नवऱ्यानं, कर्टिसनं, अलार्म ऐकून दार वर ढकललं, गॅस तोडला, मला काखेत धरून बर्फात ओढलं. पुढे दवाखाना, ऑक्सिजन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून थोडा उशीर झाला असता तर—" आणि उरलेलं माझ्या नवऱ्याकडे बघून गिळलं.

दार पार खाली आलं होतं म्हणे. खाली गॅसची नळी आडवी होती म्हणून बोटभर फट तरी उरली.

१३ जानेवारी

रसेल आला. हातात टोपी.

"दार सोडून गेलास?"

"गेलो."

"आणि जाताना खाली ओढलंस?"

त्यानं माझ्या मागे उभ्या असलेल्या कर्टिसकडे पाहिलं. मग म्हणाला, "दार माझं होतं."

बस्स. कित्येक हिवाळे ज्याच्या भरवशावर पाठ करून उभी राहिले, त्याची ही कैफियत! मेले असते तर निदान दोन वाक्यं बोलला असता.

कर्टिस म्हणाला, "जाऊ दे गं. थंडी वाजते माणसाला."

मोठ्या मनाचा आहे माझा नवरा.

१८ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये पास्टरनी कर्टिसला उभं केलं. टाळ्या. आमची ल्युथरन माणसं टाळ्या वाजवू शकतात, हे या वयात कळलं. नंतर तळघरात कॉफी. प्रत्येक बाईनं त्याच्या ताटात आपापली हॉटडिश — भट्टीत भाजलेला बटाटा-खिमा — डावभर वाढली. गड्यानं एकीलाही नाही म्हटलं नाही.

२२ जानेवारी

मंडळाची बैठक. मी बोलले. चांगलं बोलले — "रसेलकडे दार देणाऱ्यानं आधी विमा उतरवावा" म्हटल्यावर लोक हसलेही. त्याला मंडळातून काढलं. कुणी विरोध केला नाही. त्यानंही नाही. जाताना माझा बिअरचा मग धुऊन पालथा घालून गेला. त्याचाही राग आला.

२५ जानेवारी

ती काळी बिअर चाखली. दुप्पट हॉप्स — कडूजहर. तरी ओतवेना. मेल्या रसेलला आवडली असती.

२ फेब्रुवारी

समोरच्या हॉगनबाई आल्या. कोट न काढताच खुर्चीवर टेकल्या.

"रसेलला काढलंत म्हणे. राहवेना गं मला. त्या दिवशी माझी गाडी बर्फात रुतली होती. मी हाका मारल्या, तर तुझा कर्टिस बाहेर येऊन रसेलला म्हणाला, 'तू जा, दार मी बघतो.' आणि रसेल गाडी उपसत होता तेव्हा कर्टिसनं दार खाली ओढलं नि गेला घरात. मला वाटलं, झालं असेल तुमचं बिअरचं काम. नंतर मी रसेलला म्हटलं, अरे, सांग की तिला! तर म्हणतो, नवऱ्याचं नवऱ्यानं सांगावं."

जेवताना कर्टिसला विचारलं. त्यानं काटा खाली ठेवला.

"स्वयंपाकघर गार पडत होतं."

"आणि टाळ्या?"

"लोक वाजवत होते."