अठरा खुणा

३ तारीख, सोमवार
डोळ्यांच्या दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये अकरा वर्षं काढली. वीट आला. की-बोर्डवर कुणीतरी चहा सांडून ठेवलाय, बोटं चिकटतात. शी! त्यात नवीन सिस्टीम. उद्या ज्यांचं ऑपरेशन, त्यांच्या नावांपुढे खुणा करायच्या आणि ‘पाठवा’ दाबायचं. उपाशीपोटी या, असा निरोप जातो. शनिवारी मोठे डॉक्टर रेकॉर्डचा इन्चार्ज नेमणार. माझ्याशिवाय आहे कोण?

४ तारीख
काउंटरवरची बाई म्हणाली, काका, मध्येच कुणाचं रेकॉर्ड बघायचं झालं तर वेगळी खिडकी उघडा, त्याच खिडकीत शोधलंत तर आधीच्या खुणा जातात आणि शोधलेल्याच नावापुढे खूण पडते. काका म्हणे! वेगळ्या खिडक्या नवशिक्यांना लागतात.

५ तारीख, रात्री
मेव्हणी जेवायला. यंदा बावन्न पूर्ण, म्हणाली. साठीच्या आत असेल तर मिशी उतरवीन, असं मी नंतर बायकोला म्हटलं. तुमची नजरच वाकडी, म्हणाली. उद्या पुरावाच आणतो. चष्म्याच्या नंबरसाठी ती आमच्याकडेच आली होती.

६ तारीख, दुपारी ४
अठरा जणांपुढे खुणा केल्या. मग तिथेच मेव्हणीचं रेकॉर्ड काढलं. वय बावन्न. लोक रेकॉर्डलाही थापा मारतात, किळस येते. ‘पाठवा’ दाबलं. स्क्रीनवर आलं: एक निरोप पाठवला. एवढी महागडी सिस्टीम, साधं मोजता येत नाही.

७ तारीख
अठरापैकी एकही पेशंट फिरकला नाही. लोकांना डोळ्यांची किंमत नाही.
सकाळी सात वाजता मेव्हणी आली. उपाशी, हातात पिशवी, मागे साडू रडवेले. नंबर काढायला आले आणि थेट ऑपरेशन, एवढं काय झालंय ते तरी सांगा, म्हणाले. रात्रीच तिने कपाटाच्या किल्ल्या सुनेच्या हवाली केल्या होत्या.
काउंटरवरच्या बाईने अठराही जणांना फोन केले. एक आजोबा चार महिने नंबर लावून होते. निरोपाची वाट बघून बघून शेवटी पोटभर न्याहारी करून बसले होते.
मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. मी सिस्टीमचा दोष समजावून सांगितला. त्यांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. बहुधा पटलं.

८ तारीख, शनिवार
काउंटरवरची बाई इन्चार्ज. वशिला, दुसरं काय.
बायको बोलत नाही. सून किल्ल्या परत देत नाही, त्याचंही खापर माझ्यावर.
माझ्या कॉम्प्युटरवरचं खुणा करायचं बटण काढून टाकलंय. आता नुसतं बघता येतं. काका, हवं त्याचं हवं तेवढं बघा, कुणाची खूण हलायची नाही, असं बाई म्हणाली. ज्येष्ठांना कामातून मोकळं ठेवतात, ते असंच.
दुपारी आजोबांचं रेकॉर्ड उघडलं. एकटेच राहतात. डाव्या डोळ्याने दिसत नाही, उजव्याने अंधुक. सोमवारच्या यादीत घालावं म्हणून बोट पुढे केलं. बटण नाही.
मग उठून बाईंकडे गेलो. म्हटलं, तेवढे आजोबा सोमवारी घ्या.
कालच घेतलेत, काका, म्हणाल्या.