सातवं जहाज

प्रिय ताई,

हे फोनवर सांगता आलं नसतं. फोन उचलल्या उचलल्या तू विचारतेस, जेवलीस का, आणि मी पुन्हा आठ वर्षांची होते. म्हणून पत्र. इस्पितळातल्या शाळेला येत्या शुक्रवारी नकार कळवणार आहेस, हे परवा तू इतक्या सहज सांगितलंस, की जणू सकाळचं दूध नासलं. आजारी मुलांना खाटेपाशी बसून शिकवायचं, राहायला खोलीही तिथेच. अशी जागा पुन्हा निघेल का? वर म्हणालीस, बाबांना कोणावर सोडू? मी नुसतं हं म्हटलं. त्या हंच्या पुढचं आता लिहितेय.

तू नेहमी विचारतेस, तू दिवसभर करतेस तरी काय. बाबा आजारी पडण्याआधी शेजाऱ्यांना सांगायचे, आमची धाकटी विमानं उडवते. तर ऐक. आमच्या खेळात अंतराळातली लढाई आहे. एक जहाज खेळणारा चालवतो, समोरची सात संगणक चालवतो, आणि ती सात कशी लढतील ते मी ठरवते. सगळी एकसारखी लढली तर खेळणारा दहा मिनिटांत कंटाळतो, म्हणून प्रत्येकाला स्वभाव द्यावा लागतो. एक रागीट, नाकासमोर धावून येतं. एक गोळी झाडून पळ काढतं. एक मोडल्याचं सोंग करतं आणि जवळ गेलं की उलटतं. ते लिहिताना अभ्यासाच्या वेळी पोट दुखणारी मुलगी माझ्या डोळ्यांसमोर होती, तिला तू चांगली ओळखतेस. शिवाय थोडी लबाडीही असते. पहिली गोळी मुद्दाम चुकवायची, म्हणजे खेळणारा सावध होतो. आणि सातांनी एकदम तुटून पडायचं नाही, नाहीतर तो बिचारा अर्ध्या मिनिटात संपेल. एका वेळी दोघांनीच हल्ला करायचा. बाकीच्यांनी आपला नंबर येईपर्यंत लांबून घिरट्या घालायच्या, दिवे लुकलुकवायचे, पोकळीत चार गोळ्या झाडायच्या. खेळणाऱ्याला वाटतं, सगळी आपल्याच जिवावर उठलीत.

यातलं सातवं जहाज माझं लाडकं. त्याच्यावर मी तीन आठवडे घालवले. ते सावध आहे. लांब राहतं, बघतं, विचार करतं, आणि मग अशी झडप घालतं की बस्स. निदान मी लिहिलं तसं होतं. गेल्या बुधवारी आमच्या चाचणीवाल्याने मला हाक मारली. त्याला आम्ही पंतोजी म्हणतो, कारण तो दिवसभर लोकांच्या चुकाच काढतो. म्हणाला, बाई, तुमचा हा उंटावरचा शहाणा पगार कशाचा घेतो? चाळीस लढाया झाल्या, एकदाही आत आलेला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, साहेब असेल तो, साहेब फक्त देखरेख करतात. सगळे हसले, मीही हसले. मग बसून शोधलं, आणि चूक माझीच निघाली. मी नियम केला होता, जो खेळणाऱ्याच्या जवळ, त्याचा नंबर आधी. ऐकायला किती रास्त वाटतं! पण सातवं मुळातच लांब राहणारं, म्हणून त्याचा नंबर कधीच लागत नाही, आणि नंबर लागत नाही म्हणून ते लांबच राहतं. जवळची जहाजं मात्र पुन्हा पुन्हा जातात, मार खातात, मोडतात. सातव्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. गंमत म्हणजे बाहेरून बोलावलेल्या खेळणाऱ्यांना विचारलं, तर त्यांनी सर्वांत मेहनती म्हणून त्यालाच मतं दिली. सतत काहीतरी करताना दिसतं ना.

ताई, इथून पुढचं लिहायची मला भीती वाटतेय.

त्या दिवशी मी जेवायच्या सुट्टीत खाली गेलेच नाही. तू मला शिकवायचीस ते दिवस आठवत बसले. माझ्या दम्यामुळे नऊ वर्षांची होईपर्यंत मला शाळेत घातलं नाही, आणि तू तुझ्या शाळेतून आलीस की दप्तरही न उतरवता मला दिवसभराचं सगळं सांगायचीस. भागाकार मी तुझ्या तळहातावर शिकले, आणि दर पायरीला शंका काढायचे म्हणून तू मला शंकाबाई म्हणायचीस. परीक्षा तुझी असायची आणि पहाटे उठून धडे माझे व्हायचे. तुला कोणी सांगितलं नव्हतं. तू फक्त जवळ होतीस. आई गेल्यावरही तूच जवळ, आणि बाबांची उजवी बाजू गेल्यावरही तूच. मी लांब नोकरीला. म्हणून रोज दोनदा फोन, औषधांचं वेळापत्रक, व्यायामाचे व्हिडिओ, आणि कूस किती तासांनी बदलायची यावर तुला उपदेश. कूस बदलणारी तू. शेजारच्या काकू म्हणतात, धाकटीचं किती लक्ष आहे हो बापाकडे. हे तूच मला कौतुकाने सांगितलंस, एका अक्षरानेही टोमणा न मारता. मारला असतास तर बरं झालं असतं.

सातवं मी दुरुस्त केलं. आता जो जितका वेळ थांबला असेल, तितका त्याचा हक्क वाढत जातो. त्याच दिवशी दुपारी चालवून बघितलं. माझ्या पाठीमागे पंतोजी, आमच्या प्रमुख बाई, सगळे उभे. सातव्याचा नंबर आला, ते पहिल्यांदाच आत शिरलं आणि आपल्याच रागीट जहाजावर जाऊन आदळलं. दोन्ही खलास. त्याची झडप आजवर कधी चाललीच नव्हती, तर तिच्यात काय काय चुकलंय ते कळणार कुठून? पंतोजी म्हणाला, यापेक्षा बाहेर होतं तेच बरं होतं. यावर मात्र मला हसता आलं नाही.

आता जे सांगायचंय ते. एप्रिलमध्ये मी तुला म्हटलं होतं, आमच्याकडे घरून काम करू देत नाहीत. ते खोटं होतं. बाईंनी स्वतःहून बोलावून सांगितलं होतं, वडिलांजवळ जा, सहा महिने तिथून काम कर, यंत्र आम्ही घरी पाठवू. मी एक दिवस मागितला आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणाले. कामाचं कारण दिलं, पण कारण काम नव्हतं. त्याआधी मी सुट्टीत घरी आले असताना दिवाणखान्यात बाबा खुर्चीवरून घसरले होते, त्यांचं धोतर सुटून ओलं झालं होतं आणि ते रडत होते, तो दिवस आठव. मी टॉवेल धरून दारात उभी होते. तू एकटीने त्यांना उचललंस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, जा, पाणी तापव. पाणी तापलेलंच होतं, ताई. मी न्हाणीघरात जाऊन बादलीकडे बघत उभी राहिले, सगळं आवरल्याचा आवाज येईपर्यंत. मला त्यांच्या शरीराची भीती वाटते. आपल्या बाबांच्या! हे वाचून तू मला माफ करशील, ही त्याहून मोठी भीती, कारण तू लगेच करशील आणि पुन्हा त्यांना एकटीच उचलशील.

आज सकाळी बाईंकडे गेले आणि एप्रिलमधली सवलत अजून मिळेल का विचारलं. त्या म्हणाल्या, मिळेल. हे पत्र बुधवारी तुझ्या हातात पडेल, मी गुरुवारी सकाळी पोचते. म्हणून हे आधी लिहिलं, की दारात मला बघून तू काही बोलायच्या आत तुला सगळं ठाऊक असावं. राग आला तर राग धर, फक्त शुक्रवारी शाळेला नाही कळवू नकोस. गुरुवारी मी त्यांना उचलेन तेव्हा मला ते नीट जमणार नाही, कदाचित ते ओरडतीलही. तू खोलीतच उभी राहा, कुठे चुकतंय ते सांग, पण हात पुढे करू नकोस.

तुझीच,
शंकाबाई