दिवाळी नावाची जागा

बाबा, तुमची सासुरवाडी आता सगळ्या बंदराची झाली आहे.

परवा मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीचा लिलाव चालू होता आणि मी बर्फाच्या गाडीची वाट बघत उभी होते. शेजारी एक तरुण तांडेल, कुठल्यातरी बोटीचा कप्तान, आपल्या ओळखीतला नाही, दुसऱ्याला सांगत होता, "काल सासुरवाडीवर गेलेलो. बरा माल गावला." मला वाटलं, नवीन लग्न झालेलं दिसतंय. तेवढ्यात दुसऱ्यानं विचारलं, "किती वाव पाणी हाय तिथं?" सासुरवाडीला पाणी किती खोल आहे असं कोणी विचारत नाही, बाबा. दर्यातल्या आपल्या जागेला ते नाव तुम्ही ठेवलेलं होतं, माझ्यासमोर, आणि आपल्या बोटीवरच्या यंत्राबाहेर ते कुठेच नव्हतं.

तुम्ही जागेच्या बाबतीत किती चिक्कू होतात हे आईला विचारावं. मला तो स्वयंपाकघरातला प्रसंग अजून दिसतो. आई विळीवर सुरमई कापते आहे, तुम्ही दारात पाय धुताय, आणि ती सहज विचारते, "एवढी मोठी खय गावली?" तुम्ही म्हणता, "पाण्यात." ती चिडून म्हणते, "मी काय जाऊन जाळं टाकणार हाय?" तरी तुम्ही आपले पायच धूत राहता. दीपगृह आणि मागच्या डोंगराचा खांदा एका रेषेत आले की डावीकडे वळायचं, असल्या खुणा तुम्हाला तुमच्या वडिलांनी दिल्या होत्या. त्यांनीही त्या तुम्हाला घरात बसून दिल्या नव्हत्या. दर्यातली जागा जमिनीवर बोलायची नाही, हा आपल्या घरचा नियम. मागून दुसरी बोट येतेय असं वाटलं, तर तुम्ही मुद्दाम भलतीकडे जाऊन, रिकामं जाळं टाकून वेळ काढायचात, पण जागा दाखवायचा नाहीत.

म्हणून तुम्ही ते नकाशाचं यंत्र घेतलंत तेव्हा मला नवल वाटलं होतं. डोळे अधू व्हायला लागले होते, किनारा धूसर दिसायचा, आणि ते कबूल करायला तुम्ही तयार नव्हतात. यंत्र बसवायला आलेला दुकानदार म्हणाला, "एकदा घ्या, मग चिंता नाही. नवे नकाशे, अपडेट, सगळं कायम फुकट." तुम्ही त्याला तीनतीनदा विचारलंत, "कायम म्हणजे कायम ना?" त्यानं स्वतःच्या आईची शपथ घेतली. त्याची आई ठणठणीत आहे, बाबा, रोज बाजारात दिसते.

खुणा यंत्रात घालायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्यातली अक्षरं इंग्रजी. मी ते घरातच करायला बसले तर तुम्ही ओरडलात, "बायो, अक्कल हाय काय? जमिनीवर बोलतात काय ह्ये?" मग मला होडीत बसवून नांगरलेल्या बोटीवर नेलंत. सकाळची वेळ, भरती लागलेली, आणि आजूबाजूला ऐकायला बगळे सोडून कोणी नाही, तरी तुम्ही कुजबुजताय. प्रत्येक खुणेला नाव द्यावं लागेल म्हटल्यावर तुम्ही थोडा विचार केलात आणि गालात हसलात. "लिव, सासुरवाडी. क्वचित जायचं, पण गेलं तर रिकाम्या हातानं परत यायचं नाय." दुसरीचं नाव 'बायोचा हट्ट'. मग आणखी चारदोन. आणि सगळ्यांत शेवटी तुम्ही म्हणालात, "ही दिवाळी." मी विचारलं, एवढं गोड नाव, खूप मासळी मिळते का? तर तुम्ही खोकल्याची उबळ येईपर्यंत हसलात. "मासळी कसली! खाली बुडलेलं बार्ज हाय. लोखंडात जाळं अडकलं की चिंध्या. उद्या कोण यंत्र चोरलान तर त्याच्यासाठी कायतरी ठेवायला नको? जाईल दिवाळीला!" मीही हसले. आपण दोघं होडीतून परत येईपर्यंत हसत होतो. तुमच्याबरोबर इतकी हसलेली मला दुसरी सकाळ आठवत नाही.

तुमच्यामागे बोट मी सांभाळते आहे. तांडेल पगारी आहे, माणूस चांगला. यंत्र चालू होतं, दर मोसमाआधी दुकानात नेलं की अपडेट मिळायचं, पुढे ते मोबाईलवरूनच व्हायला लागलं. यंदा नारळी पौर्णिमेच्या आधी पडद्यावर पाटी आली. कंपनीनं लायसनची पद्धत बदलली आहे. यंत्र तुमचं, पण आतलं सॉफ्टवेअर आमचं, आणि ते यापुढे वर्षाच्या वर्गणीवर. गणपतीची वर्गणी मागायला पोरं येतात ती निदान दारात उभी राहतात, तोंड दाखवतात, नंतर प्रसाद आणून देतात. ह्यांना ना तोंड ना दार. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "ताई, कायम फुकट हे जुन्या सॉफ्टवेअरला होतं. ते आता बंद झालं. बंद झालेलं तुम्हाला कायम फुकटच आहे." असं बोलताना माणसाची जीभ कशी झडत नाही?

वर्गणी भरायची नसेल तर फुकटातलीही सोय होती. खाली 'मान्य' लिहिलेलं बटण, आणि वर लांबलचक इंग्रजी मजकूर. मी पदवीधर बाई, सगळा वाचला. त्यात लिहिलं होतं की तुमच्या खुणा सुरक्षित राहतील आणि समुदायाच्या उपयोगी पडतील. बोट सुटायची होती, डिझेल भरलेलं होतं, खलाशी धक्क्यावर बसून होते. समुदाय म्हणजे आपला फुकट वापरणाऱ्यांचा गट असेल असं समजून मी बटण दाबलं. समुदाय म्हणजे जयगडपासून खाली सगळा किनारा, हे मला त्या पोराच्या तोंडून सासुरवाडी ऐकल्यावर कळलं. तुमच्या वडिलांनी तुम्हाला दर्यात कानात सांगितलेलं आज कोणाच्याही मोबाईलवर नावासकट दिसतं. आपला तांडेल गेल्या खेपेला बायोच्या हट्टावर गेला तर तिथे जत्रा भरलेली. रिकामा परत आला. आणि चीड कसली येते सांगू? खूण पुसायचीही सोय फुकटात नाही. ती फक्त वर्गणी भरणाऱ्याला. आपल्या घरातून चोरलेली वस्तू परत उचलायला चोराकडेच पैसे मोजायचे.

तरी मी हट्टाला पेटले होते. म्हटलं, गेल्या त्या जागा गेल्या, मी एक पैसा देणार नाही. मग काल तुमचा जुना खलाशी घरी आला. तोच, जो तुमच्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलात तुमच्या उशाशी बसून असायचा. आता त्याची स्वतःची लहान बोट आहे. चहा घेतलान, मुलांचं विचारलान, आणि मग खाली मान घालून म्हणाला, "ताई, जाळं गेलं. नवंकोरं. दिवाळीवर." तोच सांगत राहिला. मोबाईलवर ती नावं बघितल्याबरोबर त्यानं ओळखलं होतं, अशी नावं ठेवणारा माणूस एकच, त्याचे तांडेल, म्हणजे तुम्ही. "दुसऱ्या कोणाची असती तर गेलो नसतो. पण तांडेलाची जागा म्हटल्यावर विचार केला नाय. माझंच कायतरी चुकलं असंल. उलट्या अंगानं टाकलं काय? तुम्हाला कायतरी सांगून गेलेत काय ते?"

चोरासाठी ठेवलेला सापळा होता तो, बाबा. चोर सगळे सासुरवाडीवर गेले आणि गब्बर झाले. अडकला तो हा, कारण तुम्ही खोटं लावणार नाही अशी त्याची खात्री होती. मला तुमचा इतका राग यापूर्वी कधी आला नव्हता, तुम्ही आम्हाला सोडून गेलात तेव्हाही नाही.

तो गेल्यावर मी वर्गणी भरली. कंपनीनं आभार मानले. दिवाळी पुसून टाकली, बाकीच्या तशाच ठेवल्या. त्या आता पुसून काय उपयोग, लोकांनी कधीच उतरवून घेतल्यात. त्याच्या जाळ्याचंही मी बघेन. तुम्हाला हे कळवायची गरज नव्हती आणि कळवायचा मार्गही नाही. लिहून झालं की कागद बंबात घालणार आहे. घरात असली गोष्ट लिहिलेली ठेवू नये, एवढं तुमच्याकडून शिकले आहे.

पण त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं सांगायचं राहिलं. त्याला मी म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही. कंपनीनं अपडेट केलं ना, त्यात जागा सरकल्या. यंत्रच खोटं दाखवतंय." त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तरीच," तो म्हणाला, "तांडेल असा नव्हता." मी मान हलवली आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतला.