शेवटचं प्रकरण बाहेर आल्यावर

आई, तुझं ते बिनकव्हरचं पुस्तक अजून माझ्याजवळ आहे. मालेगावला यंत्रमागावर कामाला होतो तेव्हा होतं, नंतर सुरतेला होतं, आता इथे लांब उत्तरेकडच्या डोंगरात आमच्या पत्र्याच्या खोलीत उशाखाली आहे. या पोराचं बूड एका जागी टेकत नाही, असं तू म्हणायचीस, ते खरंच टेकलं नाही. आठवीतून सुटलेला गडी पुस्तक घेऊन हिंडतो म्हणून सोबतचे हसायचे, आता तेच म्हणतात, वाच. आम्ही इथे डोंगरातून बोगदा पाडतो. मागच्या आठवड्यात एका सकाळी आमच्या पाठीमागे छत खाली आलं आणि आम्ही काही जण आत राहिलो. दुपारी बाहेर काढलं, खरचटण्यापलीकडे कुणाला काही झालं नाही. तेव्हापासून काम बंद होतं, ते उद्या सकाळी सुरू होतंय. मला भीती वाटते, आई. इथे ते कुणाला बोलून उपयोग नाही, कारण सगळ्यांनाच वाटते.

आत अंधारात बसलो होतो तेव्हा आमच्यातले वयानं मोठे काका, सुरगाण्याकडचे, म्हणाले, "पोरा, कायतरी बोल. गप बसलं का तो दगुड लय आयकू येतो." दगड आतल्या आत करकरतो, तो आवाज मी तुला सांगू शकत नाही. कोणीतरी म्हणालं, भुताची सांग. मी म्हणालो, नाही, खुनाची सांगतो. हे तुझंच. निफाडला द्राक्षाच्या बागेत विरळणीला बाया मंडपाखाली हात वर करून, कात्रीनं घडातले मणी कमी करत उभ्या असायच्या आणि तू रद्दीवाल्याकडून आणलेली रहस्यकथा वेलींच्या दोन ओळींपलीकडे ऐकू जाईल अशी सांगायचीस. कुणाला कुठली पुस्तकं द्यायची ते तू तोंड बघून ठरवायचीस. भ्यायलेल्या माणसाला भुताची द्यायची नाही, खुनाची द्यायची, म्हणायचीस. "खुन्याला शेवटी कोणीतरी धरतं. भुताला कोण धरणार?" ज्याला झोप येत नाही त्याला घरफोडीची, दागिने हरवल्याची. आणि ज्या पुस्तकात खुनी कोण ते तुला आधीच कळायचं ते तू कुणाला द्यायची नाहीस. "मला फसवलं तरच ते पुस्तक चांगलं," हा तुझा हिशोब.

एकदाच तुझा अंदाज चुकला. नवीन लग्न झालेली एक बाई कामाला यायची, घरात करमत नाही म्हणायची, तिला तू नवराच बायकोला विष घालतो ती कादंबरी दिलीस. तिनं निम्मी वाचली आणि नवऱ्याच्या हातचा चहा प्यायचा बंद केला, मग सरळ माहेरी कळवणला गेली. तिची सासू बांधावर येऊन ओरडत होती, "अगं ए वाचणारे, माझ्या पोराचा संसार मोडायला निघालीस का?" आणि तू कात्री न थांबवता म्हणालीस, "मावशी, तिला म्हणावं पुढचं वाच. तो नवरा नसतोच, त्याचा जुळा भाऊ असतो." सगळी बाग हसली. सासूसुद्धा जाता जाता विचारून गेली, मग खरा नवरा कुठे असतो?

शेवट मात्र तू संध्याकाळी काम सुटताना कधी सांगितला नाहीस. बाया चिडायच्या, "सांग की गं, जीव टांगणीला लागतो." तू म्हणायचीस, लागू दे, म्हणजे उद्या कामाला याल. मग नाशिकला सरकारी दवाखान्यात तुला ठेवलं तेव्हा हे बिनकव्हरचं मी तुला वाचून दाखवत होतो. गोष्टीत डॉक्टरच्या बंगल्यात खून झालेला, दार आतून बंद. मी अडखळत वाचतो, तू डोळे मिटून दुरुस्त करतेस. शेवटचं प्रकरण आलं तर तू हात वर केलास. "राहू दे. शेवट घरी गेल्यावर. पण सांगते, कंपाउंडरनं केलंय. बघच." बोटात बळ नव्हतं तरी तू पान दुमडलंस. घरी तुला आणलं, पण वाचायला नाही. तुला जाऊन एवढी वर्षं झाली, ते पान मी उलगडलं नव्हतं.

काम बंद होतं त्या दिवसांत मी हेच पुस्तक खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. कामावर पाठवणारा मुकादम पण दाराशी येऊन उभा राहायचा, वर म्हणायचा, मला काय नाद नाही बुवा. आज दुपारची जेवणं झाल्यावर दुमडलेल्या पानापर्यंत आलो. काकांनी माझ्या हातावर हात ठेवला. "आता नको. शेवट उद्या, भायेर आल्यावर. शेवट राहिला हाय म्हनल्यावर डोंगर तरी कसा ठेवल आत?" सगळ्यांनी माना हलवल्या, एकदम हलकं झाल्यासारखं. मी पुस्तक मिटलं. आई, त्यांना कसं सांगू, हा उपाय एकदा करून झालाय. तूही शेवट मागे ठेवूनच गेलीस.

मग ते सगळे झऱ्यावर कपडे धुवायला गेले आणि मी एकटाच पुस्तकाशी राहिलो. उद्या मी आतच राहिलो तर हा शेवट दुसऱ्यांदा वाचायचा राहील, एवढंच डोक्यात फिरत होतं. बाहेर मशीन तपासायला चालू केलं होतं, पत्रा थरथरत होता. मी पान उलगडलं.

वाचलं मी. काकांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. उद्या बाहेर आलो की हातपाय धुऊन सगळे गोल बसतील आणि मी पहिल्यांदाच वाचत असल्यासारखं, अडखळत वाचीन. मला तेवढ्यासाठी बाहेर यायचंय. कंपाउंडर नव्हता, आई. तू फसलीस. कुणालाही देण्यासारखं पुस्तक आहे.