अमावास्येचा नियम

कार्तिक व. ६, सोमवार
साहेबांनी आज बोलावून सांगितलं, "दत्ताभाऊ, घोटीच्या भातव्यापाऱ्यांच्या प्रोग्रामबद्दल तुमच्या डोक्यात जे जे आहे ते एका फाईलमध्ये उतरवा. एआय आधी ती वाचेल, मग कोडला हात लावेल. म्हणजे कुणाला सारखं तुम्हाला विचारायला नको."
शेवटचं वाक्य चांगल्या मनाने म्हणाले. मला दिवसभर टोचत राहिलं.
केतकी ऑफिसात नवी आली तेव्हा अडलं की खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी यायची. भाताची पावती, हमाली, बारदानाची म्हणजे पोत्याच्या वजनाची घट, सगळं तिथेच शिकली. माझा अर्धा चहा बशीत तिचा असायचा. आता खुर्ची जागची हलत नाही. एआयलाच विचारते आणि स्क्रीनकडे बघून म्हणते, "शाब्बास रे पठ्ठ्या!"
मला कधी म्हणाली नाही. मी म्हणायचो तिला.

कार्तिक व. ८, बुधवार
सकाळी काळारामाचं दर्शन घेऊन ऑफिसला. फाईल लिहायला बसलो. लिहायचं इंग्रजीत, जुळवतो मनात मराठीत. गावच्या शाळेत गुरुजी कारण सांगितल्याशिवाय काही करायला लावत नसत, ती सवय. म्हणून प्रत्येक नियमाला कारण, प्रत्येक वाक्याला 'कृपया'. मोठी फाईल झाली. एआयने सगळी वाचली म्हणे, आणि स्वतःला हवं तेच केलं. मी बदलू नको म्हटलेल्या जुन्या पावत्यांचाच हिशोब बदलून ठेवला.
के. माझ्या खांद्यावरून वाचून हसली. "भाऊ, आरती काय लिहिताय! हुकूम लिहा हुकूम."
तिथेच उभ्या उभ्या छाटलं तिने. 'जुन्या पावत्यांना हात लावू नको. शंका आली तर थांब आणि विचार.' असं थोडकं, ठाम. आणि ऐकलं त्याने!
साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "केतकीला जमतं बरं का याच्याशी बोलायला. यंदा घोटीचं काम तिच्याकडेच देऊन टाकू."
घोटीचं काम माझं. एसटीने जाऊन, पोत्यांवर बसून, व्यापाऱ्यांना विचारत उभं केलेलं.
हसून "छान" म्हणालो. हसू कसं दिसलं असेल कोण जाणे.

कार्तिक व. ११, शनिवार. एकादशी
उपास. पोटात साबुदाणा आणि डोक्यात हे.
के.च्या पद्धतीने सगळे नियम लिहून झाले. एक सोडून.
घोटीच्या भातव्यापारी पोपटशेठचा रिवाज, अमावास्येला पेढीच्या गादीवर नवी पावती फाडायची नाही. शेतकऱ्याचं भात येतं, वजन होतं, पण पावती दुसऱ्या दिवशीची. म्हणून प्रोग्राम त्या दिवशी तारीख आपोआप एक दिवस पुढे नेतो. नवख्याला ती सरळ सरळ चूक वाटणार. कोडमध्ये तिथे कारण लिहून ठेवलेलं नाही, कारण ते मला माहीत होतं आणि विचारायला माणसं माझ्याकडे येत होती.
मुद्दाम लिहिला नाही. एवढं एक विचारायला तरी उठून येईल.
संध्याकाळी जपाला बसलो. माळ फिरत होती, मन त्या खुर्चीपाशी.

कार्तिक व. १४, बुधवार
आली नाही. एआयनेच शोधून काढलं.
के. साहेबांना सांगत होती, "सर, याने जुना बग पकडलाय. तारीख मधूनच एक दिवस पुढे जाते. विचारलं त्याने मला, काढू का. मी म्हटलं, काढ."
साहेब म्हणाले, "वा! इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही?"
कुणाच्या म्हणजे माझ्या. मी शेजारीच बसलो होतो. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम. त्या 'कुणाच्या'ने जीभच धरली. की मीच धरली?
संध्याकाळी बदललेला प्रोग्राम घोटीला गेला. उद्या अमावास्या. हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं.

अमावास्या, गुरुवार
पोपटशेठचा फोन. साहेबांनी स्पीकरवर टाकला.
"ओ साहेब, अमावस्येला माझ्या गादीवर पावती फाडली राव तुमच्या मशिनीनं! शेतकरी घेऊन गेला बी! माझ्या बापानं कधी असं केलं नाय. ठेवा तुमचा कंप्युटर तुमच्यापाशी!"
साहेब के.वर ओरडले. "विचारायचं नाही कुणाला?" ती म्हणाली, "सर, फाईलमध्ये नव्हतं." माझ्याकडे बघितलंही नाही. पाण्याची बाटली उघडायची आणि परत बंद करायची, एवढंच चाललं होतं तिचं.
मी जुनं परत बसवलं. शेठना फोन करून हातापाया पडलो. ते निवळले.
साहेब म्हणाले, "भाऊ, शेवटी जुनं माणूस ते जुनं माणूस. सोमवारी बघू, घोटी केतकीकडे ठेवायचं की नाही."
किती दिवस हेच ऐकायचं होतं. ऐकलं.
गोदेच्या काठी, गंगेवर गेलो. दिव्याचा द्रोण घेतला आणि तसाच हातात धरून बसलो. काय मागायचं ते ठरेना. शेजारच्या बाईंना देऊन आलो.

मार्गशीर्ष शु. १, शुक्रवार
दुपारी खुर्चीचा आवाज. के. खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी आली.
"भाऊ, अमावास्येचं नीट सांगा ना. फाईलमध्ये मी लिहिते. या वेळी कारणासकट. तुमचं बरोबर होतं, नियमाचं कारण लिहायलाच पाहिजे."
सांगितलं. तिने लिहून घेतलं. मग लॅपटॉप मिटला.
"एक विचारू? रागावू नका. तुम्ही विसरला होतात ना लिहायचं?"
तिने उत्तरही सोबत आणलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं.
म्हटलं, "आधी चहा घे." बशीत अर्धा ओतून दिला. तिने घेतला, फुंकर मारत, पूर्वीसारखाच. बघत होती माझ्याकडे.
तेवढ्यात तिला साहेबांनी हाक मारली. "आलेच हं, भाऊ," म्हणून गेली. साडेसहा वाजून गेले तरी आत बोलणं चाललेलं. मी निघालो.
खुर्ची माझ्या टेबलाशीच आहे. जागेवर नेऊन ठेवली नाही तिने. मीही नाही.